राहिलेला फॉन्ट

जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क खरखरत होती, पण बाबांच्या आठवणींची फाइल एकदाची नव्या कॉम्प्युटरवर आली. डॉक्टरांनी त्यांच्या विसराळूपणाला आजाराचं नाव दिल्यापासून ते रोज त्या फाइलचंच विचारत होते.

फाइल उघडून मी चहा आणायला गेले. परतले, तर बाबा स्क्रीनवर बोट टेकवून बसले होते.

"वैजू, अक्षरंही गेली गं. माझंच लिहिलेलं मला वाचता येत नाही."

मी पाहिलं. पानभर नुसती वेडीवाकडी चिन्हं होती. त्यांचा टायपिंगचा जुना मराठी फॉन्ट मी नव्यावर टाकलाच नव्हता.

"बाबा, हे मलाही वाचता येत नाहीये. फॉन्ट टाकायला मी विसरले."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "खरं? घे माझी शपथ."