गुरगुऱ्याची शिकवणी

चष्मेवालीने सहाव्या जागी पुन्हा चिखल्याला बसवलं आणि पडद्याच्या तळाशी पुन्हा लाल पट्टा उमटला. म्हणजे टीम अजूनही पाण्यातल्या राक्षसांपुढे कच्चीच होती.

एरवी अशा वेळी गुरगुऱ्या सल्ला द्यायला धावून यायचा. दोन-तीन दिवस झाले, त्याचा पत्ता नव्हता.

दुपारची वेळ, चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. एका म्हातारबुवांची फ्रेम स्क्रूची वाट बघत काउंटरवर पडली होती आणि मालकीणबाई कॉम्प्युटरवर खेळातल्या राक्षसांच्या जोड्या जुळवत बसल्या होत्या. आयुष्यात कधी पत्त्यांचा डाव मांडला नव्हता तिने. पण गरज पडली की माणूस वाटेल ते शिकतं.

गरज अशी, की तिचं लग्न ठरलं होतं. नवरदेव ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. पहिली बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. कमी बोलणारे, नाकासमोर चालणारे, गाडीही तशीच चालवणारे. दूरचं धूसर दिसतं म्हणून दुकानात आले आणि नंबर तोच असला तरी पुन्हा पुन्हा येत राहिले. त्यांच्याबद्दल तिला काडीची शंका नव्हती. धाकधूक होती ती त्यांच्या मुलीची.

मुलगी पंधरा वर्षांची. चष्मेवाली त्यांच्या घरी गेली की पाणी आणून द्यायची, "हो", "नाही", "असेल" एवढ्यात बोलणं आटपायची आणि पुस्तकात डोकं घालायची. उद्धट मुळीच नव्हती. पण मनाची कडी काही काढत नव्हती.

चष्मेवाली पहिल्यांदा त्या घरी गेली, तेव्हा बैठकीतल्या कॉम्प्युटरवर रंगीबेरंगी प्राणी दिसत होते. सोफ्यावर तसल्याच एका शिंगवाल्या प्राण्याची उशी. मास्तर लगबगीने उठले, पडदा बंद केला, उशी पाठीमागे सारली आणि म्हणाले, "पोरखेळ असतात एकेक. पसारा नुसता." त्यांचे कान लाल झाले होते. घर आवरलेलं नाही म्हणून बिचारे ओशाळले, असं तिला वाटलं.

उशीवरचं खेळाचं नाव तेवढं तिने वाचून ठेवलं आणि दुकानात येऊन शोध घेतला. राक्षस पकडायचे, पाळायचे, वाढवायचे आणि दुसऱ्याच्या राक्षसांशी झुंजवायचे, असा तो खेळ. झुंजीला सहाच न्यायचे. कोणते सहा, हे आधी जुळवून बघायला एक ऑनलाइन प्लॅनर होता. राक्षस निवडून मांडले की टीम कुठे मार खाईल ते तो लाल रंगात दाखवायचा. तिने ठरवलं, पोरीशी बोलायचं तर पोरीच्या भाषेत बोलू.

पहिली टीम तिने रूपावर निवडली. प्लॅनर वरपासून खालपर्यंत लाल. खाली मदत मागायची सोय होती, तिथे विचारलं. गुरगुऱ्या असं नाव लावणाऱ्या कोणीतरी उत्तर दिलं, "सगळे देखणे निवडलेत. लग्नाला न्यायचेत की झुंजीला?"

रिकाम्या दुकानात ती एकटीच खो-खो हसली.

तिथून शिकवणी सुरू झाली. गुरगुऱ्या टोमणे मारायचा, पण शिकवायचा मन लावून. मारणारे कितीही घ्या, सांभाळणारा एक तरी हवाच. पुढचं बघून खेळा, पण मागचंही विसरू नका. तीच चूक पुन्हा केली तरी न चिडता पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. बघता बघता तिलाच गोडी लागली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काचा बदलता बदलता ती मनात ठिणगीला काढून गारगोट्याला टीममध्ये बसवून बघायची.

मग एकदा गुरगुऱ्याने विचारलं, की एवढा आटापिटा कशासाठी. तिने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. जिथे लग्न होऊन जाणार आहे तिथली मुलगी हा खेळ खेळते. तिच्या आईची जागा मला घ्यायची नाही, पण परकीही राहायचं नाही. आणि मुलीचे वडील कसे आहेत, तेही लिहिलं: "माणूस लाखमोलाचा. पण फार गंभीर. त्यांना असलं काही कळायचं नाही."

त्यानंतर गुरगुऱ्याने जी मिठाची गुळणी धरली, ती आजपर्यंत.

तिने चिखल्याला काढून पानवेलीला बसवलं. लाल पट्टा गेला. आणि तेवढ्यात गुरगुऱ्याचं उत्तरही आलं.

"टीम झकास. पण त्या मुलीकडे खेळाचा विषय काढू नका. दुसरं काहीतरी बोला."

ती बुचकळ्यात पडली. हे सांगण्याचं याला काय कारण? आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरगीच ही. घरात "असेल"च्या पुढे न जाणारी, इथे इतके दिवस तिच्याशी भरभरून बोलत होती. आता गुपित फुटेल म्हणून लाजली असणार. चष्मेवालीचे डोळे भरून आले. म्हातारबुवांच्या फ्रेमला स्क्रू लावताना ती चक्क गुणगुणत होती.

रविवारी ती त्यांच्या घरी गेली. मास्तर चहा टाकायला आत गेले होते. मुलगी टेबलाशी वाचत होती. चष्मेवालीने मोबाइलवर प्लॅनर उघडून तिच्यापुढे धरला.

"माझी टीम," ती म्हणाली. "तू नको म्हणालीस तरी विषय काढते आहे. कशी जमली, गुरगुऱ्या?"

आत काहीतरी खळकन पडलं.

मुलीने पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आणि हसायला लागली. टेबल धरून, खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली. डोळे पुसत तिने शेजारची खुर्ची ओढली, "बसा ना, मावशी," म्हणत तिला हाताला धरून बसवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, बाहेर ये आता. गुरगुऱ्याला कोणीतरी भेटायला आलंय."