वाटाड्या नको

"वाटाड्या नको," सुदर्शन म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, म्हणून जरा जोरात.

"आवो, धुकं लई हाय," गेणभाऊ म्हणाले. "पोरीसंगं तिठ्यापत्तुर जातो अन् माघारी येतो. पैसं नकोत मला."

"पैशाचं नाही हो. तुम्हाला विचारलं किती लांब, की तुम्ही म्हणणार, हे काय, इथंच. आणि माणूस चालतोय दोन कोस."

अंगणात उभी असलेली तेरा पुणेकर माणसं हसली. हा विनोद पूर्वी दर वर्षी घाटघरला याच अंगणात व्हायचा आणि दर वर्षी गेणभाऊसुद्धा हसायचे. आज ते हसले नाहीत.

वृषालीही हसली नाही. सुदर्शनची ही मुलगी तेवीस वर्षांची. आज पहिल्यांदाच ती एकटीच्या जबाबदारीवर माणसं घेऊन नाळेनं, म्हणजे कड्याच्या चिरेतल्या उभ्या वाटेनं, कोकणात उतरणार होती. बापाचा गुडघा तीन वर्षांपूर्वी कामातून गेला, तेव्हापासून त्याचं गिर्यारोहण मंडळ या वाटेला फिरकलंच नव्हतं.

"बाबा, येऊ दे ना त्यांना. धुक्यात तिठा चुकला तर?"

"बाण कशाला काढलेत मी? केशरी बाण दिसला की डोळे मिटून चालायचं. वाटेत गावातलं कुणी भेटलं तर राम राम कर. वाट विचारू नकोस."

आठ वाजता चौदा टोप्या धुक्यात शिरल्या. सगळ्यात पुढे वृषालीची लाल टोपी होती.

सुदर्शनला घाई नव्हती. जीपनं माळशेजचा घाट उतरून पायथ्याला पोचायला तीन तास, आणि ही मंडळी काही दुपारी तीनच्या आत खाली येत नाहीत. तो गुडघा चोळत ओसरीवर बसला.

ही नाळ त्यानं आठ वर्षांपूर्वी, शहाण्णव साली शोधली. घाटघरची माणसं बापजाद्यांपासून डोक्यावर तांदळाची ओझी घेऊन तिनंच चढत-उतरत होती, पण पुण्यात पुस्तिका छापून येईपर्यंत वाट सापडली असं कसं म्हणायचं? पुस्तिकेत नकाशा होता, सुदर्शनचा फोटो होता, गावाचं नाव एकदा होतं. तेही चुकीचं छापलेलं.

बाण त्यानं त्याच साली रंगवले. दहा कातळांवर, आणि अकरावा तिठ्यावरच्या गुडघाभर उंचीच्या उभ्या दगडावर. डावीकडे नाळ, सरळ गेलं की कडा. तो बाण डावीकडचा. गावात त्यानं कुणाला सांगितलं नाही. यांना कशाला सांगायचं? उगाच शंभर प्रश्न विचारतात.

मागच्या मे महिन्यात मंडळातल्या एकानं समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीतून पाहिलं होतं. बाकीचे फिकटले, पण तिठ्याजवळचा केशरी रंग काल लावल्यासारखा झळकतोय, असं तो सांगत होता. "माल बघून घ्यावा लागतो," सुदर्शन तेव्हा म्हणाला होता.

गेणभाऊंच्या बायकोनं, साळुबाईनं, चहा आणला. कपाला कान नव्हता. सुदर्शननं तो दोन बोटांत धरला आणि घर न्याहाळलं. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल. कोनाड्यात देवांची दाटी. त्यांच्या शेजारी ऑइलपेंटचा छोटा डबा, झाकणावर केशरी ओघळ.

"पोळ्याची तयारी वाटतं? शिंगं रंगवायला?"

साळुबाई नुसती हसली.

"बैलांचे लाड फार तुमच्याकडे," सुदर्शन म्हणाला. "शाळेचं छप्पर मात्र गळतंय."

 गेणभाऊ सारखे धुक्याकडे बघत होते. सुदर्शननं दुसरा चहा घेतला, पोहे खाल्ले, गावाला शिस्त कशी लावावी ते सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले.

"आत्ता तिठ्यावर असेल माझी पोरगी," तो म्हणाला. हे म्हणताना त्याला खरंच अभिमान वाटला.

"मग देवाजवळ पोचली म्हणायची," साळुबाई म्हणाली. "हात जोडून म्होरं जा म्हणलं व्हतं मी तिला. आज मंगळवार असता तर आमीच तिथं भेटलो असतो."

"कुठला देव? त्या वाटेवर देऊळ नाही."

"देऊळ नाय अजून. पण पावतो लई. त्यो आल्यापास्नं वाघरानं गावातली एक शेळी उचलली न्हाई."

सुदर्शनला हसू आवरेना. "दगड दिसला की फासा शेंदूर. कधी सुधारणार तुम्ही?"

"शेंदूर न्हाई," गेणभाऊ पहिल्यांदाच जरा तुटक बोलले. "शेंदूर पावसात धुवून जातो." त्यांनी कोनाड्यातला डबा उचलून सुदर्शनसमोर ठेवला. "ह्यो लावतो. आठ वर्सांमागं परगटला तवा अंगावर ह्योच रंग व्हता त्याच्या. मग आमी बी दरसाली त्योच देतो. जुन्नरास्नं आणावा लागतो."

सुदर्शननं कप खाली ठेवला.  

"तिठ्यावरचा तो उभा दगड," तो म्हणाला. "तो तुमचा देव?"

"त्योच."

"तिथंच आहे ना तो? गेणभाऊ, तिथंच आहे ना?"

"आवो, देव असा वाटंत ठिवत्यात का? गुरांचं पाय लागायचं त्याला," गेणभाऊ म्हणाले. "दोन वर्सं झाली, गावानं उचलला अन् पार कड्याच्या टोकाला चौथरा करून बसवला, कोकणाकडं बाण करून."