ताहोवाल्याच्या बादल्या

"म्हणजे कुया, आधी पात्राच्या सांगाड्याची हाडं निवडायची आणि मग ते बाहेर पाठवायचं?" जोव्हेलिनने विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

रोदेलने मान हलवली. ती त्याला 'कुया', म्हणजे दादा, म्हणायची. आठ महिने झाले तरी बाईला वही लागते. त्याने स्वतः नऊ वर्षांत कागदाला पेन लावलं नव्हतं. अ‍ॅनिमेशनमध्ये तयार झालेलं पात्र उचलून गेम इंजिनात चालतं करायचं, हे काम फिलिपिन्समधल्या क्वेझॉन सिटीच्या त्या स्टुडिओत त्याच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. ते कुणाला येऊ नये, याची तो काळजीही घ्यायचा.

वही कशासाठी, हे न कळायला तो काही दूधखुळा नव्हता. ख्रिसमसनंतर या खोलीत फार तर एक खुर्ची राहील, असं मालक दिंदो सरांनी स्पष्टच सांगितलं होतं. खुर्च्या दोन होत्या.

"तुमचं पूर्ण नाव कसं लिहिता, कुया? आणि इथे नऊच वर्षं झाली ना?"

"का? माझ्या थडग्यावर कोरायचंय?"

ती हसली. तेही ढोंगच. ख्रिसमस पार्टीच्या टी-शर्टसाठी सगळ्यांनी मापं दिली, हिने दिलं नाही. भेटवस्तूंच्या सोडतीत हिची चिठ्ठी नाही. एवढी शिष्ट बाई, पण चारच्या खाण्याला त्याच्यासाठी रोज केळ्याचे गरम तुरोन आणायची. दोन तुरोनांवर त्याची नऊ वर्षं उपटायला निघाली होती.

तो तुरोन खायचा आणि शिकवायचा. एक गोष्ट सोडून सगळं.

सरावाला त्यांनी ताहोवाला, म्हणजे गल्लोगल्ली सोयाबीनचं गोड ताहो विकणारा फेरीवाला, घेतला होता. खांद्यावर कावड, तिच्या दोन टोकांना दोन बादल्या. कावड त्याच्या खांद्याला बांधलेली असते, पण ती गाठ अ‍ॅनिमेशनपुरतीच. इंजिनाला ती कळत नाही. म्हणून पात्र बाहेर पाठवताना पडद्यावरच्या एका बारीक चौकोनात खूण करावी लागते; ती केली की कावडीची हालचाल तिच्या स्वतःच्या हाडांवर उतरते. जोव्हेलिन पाणी आणायला उठली की रोदेल ही खूण करायचा.

"अजून काही राहिलं का, कुया?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"तुझ्या डोक्यात मावेल तेवढं सगळं सांगून झालं."

शुक्रवारी दिंदो सरांनी दोघांना आपल्या केबिनमध्ये बोलावलं. संगणकासमोर कोरा होती, एरवी दारावर स्वागताला बसणारी.

"कोराला यातलं ओ की ठो कळत नाही," सर म्हणाले. "ती नुसती वही बघून ताहोवाला इंजिनात नेईल. जमलं, तर वही खरी."

जोव्हेलिनने वही उघडून रोदेलपुढे धरली. "एकदा नजर घाला ना, कुया. काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा."

तिचा आवाज कापत होता. रोदेलला बरं वाटलं. त्याने पानं चाळल्यासारखं केलं. "बरोबर आहे सगळं."

कोराने एकेका ओळीवर बोट ठेवत काम केलं. वीस मिनिटांनी पडद्यावर गल्ली आली आणि ताहोवाला ऐटीत चालू लागला. एक हात कावड धरल्यासारखा खांद्यावर. कावड आणि बादल्या मात्र मागे रस्त्यातच राहिल्या. तो कोपऱ्यावरून वळून गेला, तरी त्या तिथेच.

रोदेल पोट धरून हसला. जोव्हेलिन खाली बघत राहिली.

"खरं सांगू का सर?" डोळे पुसत तो म्हणाला. "ही पद्धत ज्याची असेल, त्याला आजच घरी पाठवा. दोन बादल्या उचलता येत नाहीत आणि म्हणे खुर्ची पाहिजे."

"नक्की?"

"नक्की. दया दाखवू नका."

दिंदो सरांनी कोरापुढची वही ओढून घेतली. "जोव्हेलिन पुढच्या आठवड्यात नवऱ्याकडे दुबईला चालली आहे. राजीनामा ऑक्टोबरातच दिलाय. मी ती खोलीच बंद करणार होतो. हीच मागे लागली, की एका माणसाला ठेवा, त्याच्या हाताखाली चार नवी पोरं द्या, तो कुणालाही शिकवू शकतो. मी म्हटलं, त्याला न सांगता सिद्ध करून दाखव."

त्यांनी वही मिटून रोदेलपुढे सरकवली. मुखपृष्ठावर जोव्हेलिनच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'पात्र इंजिनात नेण्याची पद्धत. रोदेल मागबानुआ, नऊ वर्षांच्या अनुभवातून.'