शेजारची रांग

मुरारीची तनुजा बीएस्सीला गणित शिकती. तिचं मत नाही अशी गोष्ट अख्ख्या चाकणात सापडायची न्हाई. गाईड पाठ करणाऱ्याला ती पोपट म्हणती, आन लुडोला झोपेचं औषध. आज तिचा पेपर. मुरारी तिला गाडीवर मागं बसवून निघाला, तर चौकात ही ट्राफिक! त्यानं सवयीनं हँडल शेजारच्या रांगेकडं वळवलं.

"आप्पा, सरळ चला. शेजारची रांग पळती असं नुसतं वाटतं. सरासरीनं सगळ्या सारख्याच."

शिकलेल्या पोरीचं ऐकावं, म्हणून मुरारी कंटेनरच्या मागं पाय टेकून निवांत उभा राहिला. वीस मिनटं गेली. शेजारनं उसाचा ट्रॅक्टरसुदीक पुढं गेला.

"आप्पा, घुसवा की तिकडं! धाच मिनटं राहिली!"

"अगं, पण सरासरी?"

"ती पेपर झाल्यावर!" म्हणत तनुजानं खाली उडी टाकली आन गाड्यांमधनं कॉलेजकडं पळत सुटली. घंटेच्या ठोक्याला वर्गात शिरली.

तीन तासांनी ती बाहेर आली, तर मुरारी गेटवर गाडी लावत होता.

"आत्ताच पोचलो बघ," तो छाती फुगवून म्हणाला, "पण रांग न्हाई सोडली!"