वर कोण बघायला जातंय!

"अब्बा, सातशे वर्षांपूर्वी इटलीत चर्चच्या भिंती रंगवणारे कितीतरी चित्रकार चित्राखाली स्वतःचं नावच लिहीत नसत," शाळेच्या प्रोजेक्टमधून मान वर काढत सहर म्हणाली. "काम हीच त्यांची इबादत होती."

मुनाफ रत्नागिरीचा रंगारी. सौदीतल्या बुरैदा शहरातल्या एका मशिदीच्या छतावरची वेलबुट्टी त्याने गेल्याच महिन्यात पुरी केली होती, परांचीवर उताणं पडून.

"मग आम्ही काय वेगळे? त्या छतावर माझं नाव दाखव बघू. अल्लाहच्या घरात आपलं नाव कशाला मिरवायचं?"

सहरला भरूनच आलं. तिने प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर अब्बांचा फोटो चिकटवला आणि खाली मुद्दाम नाव लिहिलं नाही.

गोंद सुकायच्या आत मुनाफचा फोन वाजला. हात रंगाचे होते, म्हणून त्याने स्पीकरवर घेतला.

"मुनाफभाई? मैं एसीवाला. मस्जिद में काम करने ऊपर चढा था. खंबे के माथे पर आपका नाम और मोबाइल नंबर लिखा देखा. हमारे सेठ का विला पेंट करवाना है."

एसीवाल्याने पत्ता सांगून फोन ठेवल्यावर सहर ओरडली, "अब्बा!"

"खालून दिसतं का ते? फक्त अल्लाहला दिसेल अशाच जागी लिहिलंय."

"पण अल्लाहला मोबाइल नंबर कशाला लागतो?"

मुनाफने तिचं पेन घेतलं आणि विलाचा पत्ता विसरायच्या आत टिपून ठेवला.

"मग हे गिऱ्हाईक कुणी पाठवलं?"