अण्णांची मिशी

रविवारी सकाळी सुधन्वा नेहमीप्रमाणे वडिलांची दाढी करायला वृद्धाश्रमात आला. स्मृतिभ्रंशाने अण्णांची वाचाही गेल्याला बराच काळ लोटला होता. कालच त्यांच्या कानामागे एक चकती बसवली होती. मनात उमटलेले शब्द ती बोलून दाखवायची.

"काही बोलले का?" त्याने सेविका मालनताईंना विचारलं.

"चहात साखर मागितली," त्या हसून म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या.

सुधन्वाने अण्णांचा सदरा उतरवला, चेहऱ्याला फेस लावला. अण्णा निमूट बसले होते. खरकटं अडकतं म्हणून तो दर वेळी मिशीही उडवायचा. त्याने रेझर ओठावर नेला, तोच चकती बोलली, "मिशी राहू द्या."

त्याचा हात थांबला.

"आणि दार लोटा. बायका येता-जाता बघतात. मी उघडा आहे."

सुधन्वाचा चेहरा तापला. आमचे अण्णा अगदी शांत बसतात, असं तो सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. त्याने दार लावलं, अण्णांच्या अंगावर टॉवेल पांघरला आणि खालच्या आवाजात विचारलं, "गालांवरची करू का?"

"करा."

रेझर फक्त गालांवरून फिरला. अण्णा त्याला निरखत होते.

"तुम्ही नवीन दिसता," चकती म्हणाली. "आधीचा माणूस कधी विचारायचा नाही."

सुधन्वाला त्यांच्या नजरेला नजर देववेना.

"हो," तो कसंबसं म्हणाला, "आजच आलोय."