एक, दोन, तीन, चार

“तीन-तीन अल्बम एकाच दिवशी? लोकांना दुसरे उद्योग नाहीत का?” नेरिडा म्हणाली. “पहिल्यातली दोन गाणी ऐकतील आणि बाकीची तशीच पडून राहतील. दरवर्षी एक काढू, कॉल. तीन वर्षं बँडचं नाव राहील.”

“बँडचं राहील गं. मी कुठे राहणार?”

कॉलनं नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली. बॅलरॅटमधल्या त्याच्या घराच्या मागच्या व्हरांड्यात महिनाभर दोघांचं हेच भांडण चाललं होतं. नेरिडा गायची, कॉल ड्रम वाजवायचा. डॉक्टरांनी त्याला नाताळपर्यंतची मुदत दिली होती. नेरिडाला तो आणखी तीन वर्षं हवा होता. पण हे सरळ बोलायची छाती होत नव्हती, म्हणून ती बिचारी लोकांच्या नावानं भांडत होती.

आज कारखान्यातून नमुन्याच्या तिन्ही रेकॉर्ड आल्या होत्या, कोऱ्या पांढऱ्या पाकिटांत. ऐकून होकार कळवला की बाकीच्या छापायला घेणार.

पहिली ऐकून कॉल नुसता “ठीक” म्हणाला. दुसरी संपेपर्यंत चहा गार झाला.

“यात तू दोनदा बेसूर झालीयेस.”

“आणि तू चारदा पुढे पळालायस.”

“मरणाऱ्या माणसाशी असं बोलतात?”

“मग काय डोक्यावर घेऊन नाचू?”

तिनं तिसरी लावली. सुई जरा खरखरली आणि दणदणीत आवाज आला, “एक, दोन, तीन, चार!”

प्रत्येक गाणं सुरू करताना कॉल असाच मोजायचा आणि अल्बम करताना नेरिडा ते कापून टाकायची. इथं नेमकं कापायचं राहिलं होतं. गेल्याच हिवाळ्यातला आवाज तो. आता चहा मागायचा तरी कॉलला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागत होता.

त्यानं हात लांब करून सुई उचलली.

“माझंच चुकलं रे. कापते मी ते.”

कॉलनं रेकॉर्ड पाकिटात सरकवली, पाकिटावर पेन्सिलीनं पुढच्या वर्षाचा आकडा घातला आणि ते तिच्या मांडीवर ठेवलं.

“ही पुढच्या वर्षी काढ.”

महिनाभर नेरिडा हेच तर मागत होती. आता तिला रडू आवरेना.

“नको. तिन्ही एकदमच काढू. तू म्हणतोस तसंच करू.”

“एकदा तुझं ऐकतोय, तर ऐकू दे की.” त्यानं दम घेतला. “आणि ते मोजलेलं कापू नकोस. पुढच्या वर्षी तुम्हाला सुरू कोण करून देणार?”